कासवाच्या पाण्यात हात

१६ नोव्हेंबर

आज उर्वशीताई नागपूरहून आल्या. सोबत दोन बॅगा, एक उशी आणि एक कासव. कासव प्लास्टिकच्या टबात होतं आणि त्याची काचेची टाकी ऑटोच्या मागच्या सीटवर दोरीने बांधलेली होती. उर्वशीताई यंदा आमच्या नाटक कंपनीच्या हिरोइन आहेत, सीझनभर इथे, वडशातच राहणार. त्यांची घरमालकीण म्हणाली, खोलीत जनावर चालणार नाही. म्हणून कासव कंपनीच्या ऑफिसात आलं.

लटारूभाऊ आमचे मालक. त्यांनी कासवाला वाकून पाहिलं आणि म्हणाले, "देवळात देवासमोर राह्यते ते हेच ना? ठेव मंग. बुकिंगले लोक येतात, चांगलं दिसन." मग माझ्याकडे वळले. "प्रफुल, तू लाइटवाला. ह्याचं वायरचं सारं तूच पाह्यजो."

मी आयटीआयचं एकच वर्ष केलं आहे. हे लटारूभाऊंना माहीत आहे, पण ते विसरतात. मी विसरत नाही.

कासवाचं नाव दगडू. भाकरीएवढं आहे, कानामागे लाल पट्टा. वैनगंगेतलं नाही, दुकानातलं आहे आणि त्याची नोंद केलेली आहे, असं उर्वशीताई सांगतात. तरी फॉरेस्टवाला आला तर कोण समजावणार, हा विचार मनात आलाच.

सामान असं आलं: पाणी गरम ठेवायचा काचेचा हीटर, पाणी साफ करायचा फिल्टर आणि दगडावर ऊन पाडल्यासारखा उजेड देणारा चिमट्याचा दिवा. तिन्हींचे प्लग दोन पिनांचे. ऑफिसातल्या बोर्डाला तिसरं भोक आहे, पण त्याच्यामागे अर्थिंगची वायरच नाही. मी उघडून पाहिलं. बंद केलं. परत एकदा उघडून पाहिलं.

मनात एकच गोष्ट फिरत राहिली की मी ती लिहून काढतो. थोडा वेळ थांबते.

२३ नोव्हेंबर

काल ब्रह्मपुरीकडच्या एका गावात सीझनचा पहिला प्रयोग झाला. तलवारीच्या सीनमध्ये राजाचा मुकुट सरकून नाकावर आला. राजाने एका हाताने मुकुट धरला आणि एका हाताने लढाई केली. मंडपातून कोणीतरी ओरडलं, "राजाले टोपी मोठी झाली बे." मग लोक शेवटपर्यंत हसले. राजा मेला तेव्हाही हसले.

 परतताना गाडीत लटारूभाऊ म्हणाले, "रुखमाबाईची गाठ असती त मुंडकं पडलं असतं, मुकुट नसता पडला."

रुखमाबाई आमच्या कंपनीतल्या जुन्या नटी. काम थांबल्यावर कपडेपट सांभाळत होत्या. विंगेत उभ्या राहून सगळ्यांचे मुकुट त्या बांधायच्या. फितीचे दोन वेढे, मधून ओढ आणि टोकं आत खोचलेली. मागच्या वर्षी पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. बोलणं परत आलं, पाय परत आला, डावा हात आला नाही. आता त्या ऑफिसातच राहतात. आमचा स्वयंपाक करतात, सकाळी फरशी पुसतात.

ती गाठ त्यांनी मला शिकवून पाहिली. माझी गाठ दिसायला तशीच होते, पण सुटते.

"तोंडानं शिकवून नाई येत बाबू," त्या म्हणाल्या. "दोन्ही हात लागतात तिले."

२९ नोव्हेंबर

थंडी पडली. हीटर सुरू केला. काचेची नळी आहे, रबराच्या वाट्यांनी आतून टाकीला चिकटवली. दगडू दिवसभर तिला पाठीने ठोकतो. टक्, टक्. वाट्या सुटतात. मी चिकटवतो. तो परत सोडवतो.

वायर मी मुद्दाम बोर्डाच्या खालपर्यंत लोंबू दिली आहे, म्हणजे वायरवरून पाणी ओघळलं तर प्लगात न जाता खाली पडेल. हे एका व्हिडिओत पाहिलं. हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की तापतो आणि मग थंड पाणी लागलं की तडकतो, हेही त्यातच सांगितलं. म्हणून मी पाण्याची पातळी बघत असतो. काल रेल्वे फाटकापर्यंत गेलो आणि पातळी बघायला परत आलो. लटारूभाऊ म्हणाले, "असा भेतोस जसं कासव नाई, मगर पाळली."

दुसरं एक सुरू झालं आहे. रुखमाबाईंनी टाकीसमोर एक फूल ठेवलं. आता बुकिंगला येणारे लोक चपला दाराबाहेर काढतात, टाकीत बोटं बुडवतात आणि डोळ्यांना लावतात. मी पाटी लावली, 'पाण्यात हात घालू नये.' लोक आधी पाटीच्या पाया पडले, मग पाण्यात हात घातला. संध्याकाळी लटारूभाऊंनी पाटी काढली.

"देवावर काऊन बंदी घालतो बे?"

३ डिसेंबर

झोप नीट नाही. तीन दिवस लागोपाठ प्रयोग. डोळे मिटले की बोर्ड दिसतो.

आज कुरखेड्याकडून एका गावची मंडळी नाटक ठरवायला आली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या पाटलांनी पाण्यात बोटं घातली आणि हात झटकन मागे घेतला.

"झिणझिण करते बाप्पा," पाटील म्हणाले. "सत्त्व आहे ह्याच्यात."

मग सगळ्यांनी हात घातला. सगळ्यांना लागलं. एक मास्तर बूट घालून आत आले होते, त्यांना काही लागलं नाही. पाटील म्हणाले, "जोडे घालून देव भेटते का, मास्तर?" सगळे हसले. मास्तर बाहेर गेले, बूट काढून आले. मग त्यांनाही लागलं. नाटक तिथेच ठरलं.

लोक गेल्यावर मीही बोट घातलं. काही नाही.

"तुले कसं लागन," लटारूभाऊ म्हणाले. "तू साऱ्यावर संशय घेतोस."

माझ्या पायात रबरी चप्पल होती. संध्याकाळी हे ध्यानात आलं. उद्या बघतो.

४ डिसेंबर

सकाळी रुखमाबाईंनी फरशी पुसल्या पुसल्या मी चप्पल काढली आणि बोटाची मागची बाजू पाण्याला लावली. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. टेस्टर बुडवला. त्यातला दिवा लागला.

हीटरचा प्लग काढला. टेस्टर विझला. हात घातला, नुसतं पाणी.

हीटर गार झाल्यावर बाहेर काढला. काचेला केसाएवढी चीर आहे. वायर नळीत शिरते तिथे दगडूच्या जबड्याच्या खुणा आहेत. म्हणजे करंट पाण्यात उतरत होता आणि वाट शोधत होता. चप्पल घातली असेल तर वाट नाही. लोक श्रद्धेने अनवाणी, ओल्या फरशीवर उभे राहतात, तिथे त्याला वाट मिळते.

कपडेपटाच्या खोलीत नेऊन लटारूभाऊंना सगळं सांगितलं.

"मरते का ह्यानं कोणी?"

"मरू शकते. चीर वाढली की जास्त उतरेल."

"मेलं का आतापावतर कोणी?"

"नाही."

"मंग?"

मी काचेवरची चीर त्यांच्यापुढे धरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठा श्वास सोडला. "बरं बाप्पा, काढ. पण कोणाले सांगू नको काय होतं म्हणून. गोष्ट गावात गेली त लोक नाटक पाहाले नाई, आपल्यालेच पाहाले येतीन."

हीटर उर्वशीताईंचा आहे, फेकता येत नाही. कपडेपटातल्या फळीवर ठेवला. खोलीत रुखमाबाई होत्या, पण त्या झाडत होत्या, त्यामुळे त्यांना काही ऐकू गेलं नसेल. ते एक बरं झालं. उर्वशीताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे यार, नवीन बोलावते मी. तोवर दिवा चालू ठेव, तो दगडावरच बसेल."

६ डिसेंबर

आरमोरीहून सकाळी परत आलो. रुखमाबाई टाकीसमोर स्टूल घेऊन बसल्या होत्या. डावा हात मनगटापर्यंत पाण्यात.

"बाई, पाणी थंड आहे."

"आहे का? मले नाई समजत."

मग त्यांनी सांगितलं. हीटर काढेपर्यंत तीन-चार दिवस त्या रोज सकाळी फरशी पुसून झाली की हा हात पाण्यात ठेवत होत्या. हाताला मुंग्या येत होत्या. तो जागा होतो आहे असं वाटत होतं.

"डॉक्टर म्हणते चेंडू दाबत बसा. चेंडू दाबाले मी का लहान पोट्टी आहे?" त्या म्हणाल्या. मग हात थोडा खोल घातला. "आज काईच लागत नाई रे."

मला लटारूभाऊंची ताकीद आठवली. "देव झोपला असेल," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. "हो," म्हणाल्या. "देवच झोपला असन."

मी खोटं बोललो आणि त्यांना ते खरं वाटलं. आता दिवसभर तेच फिरतं आहे.

९ डिसेंबर

हीटर परत टाकीत होता. प्लग लावलेला, बटण चालू.

मी आधी बटण बंद केलं, मग प्लग काढला, मग भिंतीला टेकून उभा राहिलो. प्लगला हळद लागलेली होती. लटारूभाऊ रोज सकाळी पोहे खातात आणि हात न धुता सगळीकडे फिरतात. आज बुकिंगला लोक येणार होते. दुसरं कोण असणार?

मी विचारलं. ते हसायला लागले. "मी? अरे मले घरचा बल्ब बदलता येत नाई. बायको बदलते. मी खाली स्टूल धरून उभा राह्यतो."

मला ते खरं वाटलं नाही. पण मालकाला किती वेळा विचारणार? हीटर परत फळीवर ठेवला, या वेळी मुकुटांच्या पेटीमागे. बाजारातून एक स्विच आणणार आहे. करंट कोणाच्या अंगातून जमिनीत जायला लागला की ते आपोआप पडतं आणि लाइन बंद होते. माणसाला विश्वास ठेवायला सांगून उपयोग नाही. स्विचला सांगावं लागत नाही.

१२ डिसेंबर

स्विच बसवलं. ऑफिसामागे खड्डा खणून अर्थिंगही केलं: लोखंडी पाइप, कोळसा, मीठ, पाणी. रुखमाबाई मागच्या दारात बसून लसूण सोलत होत्या, एका हाताने, पाकळी गुडघ्याखाली दाबून.

"काय पुरून राह्यला बाबू?"

"अर्थिंग."

"कोळसा अन् मीठ? एखादं कोंबडं बी टाक."

मी त्यांना नीट समजावून सांगितलं. आता टाकीत काहीही बिघडलं आणि कोणी हात घातला, तर स्विच लगेच पडेल.

"म्हंजे हाताले काईच लागणार नाई?"

"काहीच नाही. फार तर एक धक्का, तोही क्षणाचा."

त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "चांगलं केलं."

दिवसभरात एवढं एकच माणूस चांगलं म्हणालं. बरं वाटलं.

१६ डिसेंबर

घाईत लिहितो आहे. अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

सकाळी गाडी ऑफिससमोर थांबली. आत अंधार. फिल्टरचा आवाज बंद. रुखमाबाई टाकीजवळ ओल्या फरशीवर बसलेल्या, पाठ भिंतीला, स्टूल आडवं. ओठ फुटून रक्त आलं होतं. टाकीत तोच हीटर.

मी आधी प्लग काढला, मग त्यांच्याजवळ गेलो. हे बरोबर आहे, आधी प्लगच काढायचा असतो. पण उर्वशीताई ज्या नजरेने माझ्याकडे बघत होत्या, त्यावरून वाटलं की मी चुकलो.

"घसरली मी," रुखमाबाई म्हणाल्या. "लाइट गेली अन् घसरली."

उर्वशीताईंनी त्यांना उठवून बसवलं, पाणी दिलं, मग दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले ठीक आहे, आराम करा. स्विच पडलेलं होतं. त्याने काम केलं. चार दिवसांपूर्वी बाजारात ते मिळालं नसतं, तर? मी हा 'तर' पूर्ण करत नाही.

काचेवरची चीर आता बोटाला लागते.

चहा पिताना ध्यानात आलं की लटारूभाऊ रात्रभर आमच्यासोबत प्रयोगाला होते. येताना गाडीत राजाच्या शेजारी बसून घोरत होते. मी स्वतः पाहिलं आहे.

१७ डिसेंबर

आज प्रयोग नाही. रुखमाबाई कपडेपटाच्या खोलीत मुकुटांवरची धूळ पुसत होत्या. मी हीटर त्यांच्यासमोर ठेवला.

"हे तुम्ही लावलं?"

"हो."

"आधीही?"

"मंग काय लटारू लावन? त्याले दिवाळीच्या माळेचं भेव वाटते."

मी म्हणालो, "बाई, ते सत्त्व नव्हतं. करंट होता."

"मालूम आहे. तू त्याले सांगत होता तवा मी इथंच झाडून राह्यली होती ना."

त्यांनी डावा हात उजव्या हाताने उचलून पेटीवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

"ह्या हाताले तव्याचा चटका बसला, मले वास आला तवा समजलं. दवाखान्यात सुई टोचली, समजली नाई. माझी बहीण गेली तवा तिचा हात ह्या हातात होता. तो कधी थंडा झाला ते बी समजलं नाई मले. लोकं सांगत होते, सोड आता बाई." त्यांनी तो हात पालथा केला. "त्या पाण्यात घातला का समजे. देव असो नाई त करंट असो. हात माझाच आहे एवढं त कोणी सांगून राह्यलं होतं."

"तुम्ही मेल्या असता."

"हो ना. काल मले बी वाटलं. पैले गोड लागे ते, काल लाथ मारली. लगित भेव लागलं." आणि मग, जवळजवळ हसून, "बहू दिवसानं लागलं."

मी पक्कड आणली आणि हीटरची वायर त्यांच्यासमोर कापली. वायर जाड होती. नीट कापली जावी म्हणून त्यांनी दुसरं टोक उजव्या हाताने ताणून धरलं.

"आता ह्या हाताले दुसरं काई काम देजो," त्या म्हणाल्या. "रिकामा नको ठेवू."

बघतो म्हणालो. काय बघणार? मला वायरचं कळतं, तेही अर्धंच.

२१ डिसेंबर

नवा हीटर आला. दगडू हा पण फोडेल, म्हणून पीव्हीसी पाइपाचा तुकडा घेतला, त्याला सगळीकडून भोकं पाडली, आत हीटर ठेवला आणि पाइप दगडांच्या मागे घट्ट बसवला. वायरवरूनही एक नळी चढवली. आता जबडा पोचत नाही. दगडूने दोनदा येऊन ठोकून पाहिलं आणि गेला.

टाकीचं पाणी बदलायचं होतं. त्याआधी सगळे प्लग काढायचे, हीटर गार होऊ द्यायचा, मगच हात घालायचा. तोवर दगडूला कोणीतरी धरून बसायला हवं. त्याला दोन हातांनीच धरावं लागतं. एका हाताने धरलं तर नखांनी ढकलून सुटतो. उर्वशीताई झोपल्या होत्या. लटारूभाऊ म्हणाले, "देवाले मी हात लावत नाई," म्हणजे घाबरतात. शेवटी रुखमाबाई म्हणाल्या, "आण इकडे."

मी खाली गादी घातली, पडलाच तर गादीवर पडावा म्हणून. त्यांचा डावा हात मीच कवचाखाली लावून दिला. दगडू चारही पायांनी खाजवायला लागला. माझं अर्धं लक्ष टाकीत, अर्धं गादीवर.

"नखं लागून राह्यले रे," रुखमाबाई म्हणाल्या.

"रक्त आलं का?"

"नाई बाबू. लागून राह्यले म्हटलं. ह्या बाजूनं बी."

मी साबण आणून ठेवला. कासवाला हात लावल्यावर साबणाने धुवायलाच हवेत, पोट बिघडतं. त्यांनी धुतले, पण बराच वेळ हात बघत बसल्या होत्या. मी परत सांगितलं, नीट धुवा.

पाडला नाही त्यांनी. मला तेवढंच हवं होतं.

४ जानेवारी

रोजचे प्रयोग. ऑफिसात येतो, आंघोळ करतो, टाकी बघतो, झोपतो, निघतो. कोणत्या गावाला काय झालं ते आठवत नाही. राजाचा मुकुट दोनदा पडला. आता राजा आधीच एक हात डोक्यावर ठेवून बोलतो. लोकांना वाटतं त्याला चिंता आहे.

झिणझिण बंद झाली म्हणून लोक विचारतात. लटारूभाऊ सांगतात, "थंडीत देव निजते." लोकांना पटतं. एकाने तर हळू आवाजात बोलायला सुरुवात केली.

दगडूला धरायचं काम रुखमाबाईंनी आता घेतलंच आहे. पाणी बदलायचं नसलं तरी सकाळी मांडीवर घेऊन बसतात. मी गादी घालतो. परवा गादी घालायला विसरलो आणि आठवलं तेव्हा धावत गेलो. पण तो सुटला नव्हता. कवचावर त्यांचे दोन्ही अंगठे होते, पकड घट्ट होती. तरी गादी हवीच, असं मी त्यांना सांगितलं.

"तुही गादी तूच घे अन् झोप थोडा," त्या म्हणाल्या. "डोळे पाह्य कसे झाले."

१९ जानेवारी

दिवा पडला. चिमट्याचा दिवा, दगडावरचा. उष्णतेने प्लास्टिक कडक होऊन चिमट्याची पकड सैल झाली आहे. नशिबाने दगडावर पडला, पाण्यात नाही. स्विच आहे, पण तापलेला बल्ब पाण्यात फुटला तर काचा दगडूच्या अंगावर. मी सुतळीने बांधला. दोन दिवसांत सुतळी सैल झाली. तारेने बांधला. तार तापते. परत सुतळी.

माझी कोणतीच गाठ टिकत नाही. मंडपातले मोठे दिवे मी बांधतो ते पक्के राहतात, कारण तिथे नट-बोल्ट असतात.

रुखमाबाई बाजूला बसून भाजी निवडत होत्या. मी तिसऱ्यांदा सुतळी बांधत होतो ते बघत होत्या. "तुही गाठ पाहून मले राजाची दया येते," म्हणाल्या.

२ फेब्रुवारी

ताप होता. दोन दिवस पडून होतो. तापात स्वप्न पडलं की दिवा पाण्यात पडतो आहे आणि मला उठता येत नाही. उठून ऑफिसात गेलो. पडला नव्हता. परत आलो. परत गेलो.

९ फेब्रुवारी

धानोऱ्याकडे तीन दिवसांचा दौरा होता, आज दुपारी परतलो. पूर्ण वाटेत तो दिवा डोक्यात. गाडी उभी राहायच्या आधीच उतरलो.

दिवा जागेवर होता. माझी सुतळी नव्हती. लाल फितीने टाकीवरच्या दांडीला बांधलेला, बल्बपासून लांब, जिथे ऊब पोचत नाही तिथे. दोन वेढे, मधून ओढ, टोकं आत खोचलेली. मी धरून हलवला. दांडी हलली, दिवा हलला नाही.

उर्वशीताईंना विचारलं, त्या आमच्यासोबतच होत्या. लटारूभाऊही. मग मी आत विचारलं, "बाई, दिवा कोणी बांधला?"

रुखमाबाई चुलीपाशी होत्या. वळल्या नाहीत. "सुटला का?"

"नाही."

"मंग कायले विचारतो?"

संध्याकाळी गाडी निघायच्या वेळी त्या दारात आल्या. नवी साडी, काखेत फितींचा डबा. लटारूभाऊ पुढच्या सीटवरून म्हणाले, "बाई, कुठी?"

"राजाले टोपी मोठी झाली म्हंते," त्या म्हणाल्या. डबा माझ्या हातात दिला आणि दाराच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून गाडीत चढल्या. लटारूभाऊंनी राजाला मागे सरकायला सांगितलं आणि खिडकीजवळची जागा मोकळी करून दिली.

माझ्या ध्यानात आलं की आज ऑफिसात दगडूजवळ कोणीच राहणार नाही. मी उतरलो. हीटर बंद केला, प्लग काढले, पातळी बघितली. दगडू दगडावर मान लांब करून झोपला होता. बाहेरून लटारूभाऊ हॉर्न वाजवत होते.

मी एकदा ती गाठ ओढून पाहिली. मग गाडीत येऊन बसलो आणि गाव येईपर्यंत झोपलो.